तिसरी जागा

बायको दोन वर्षांपासून दर रविवारी विहारात मैत्रीभावनेला बसते. आज पहिल्यांदाच मी सोबत गेलो. भंतेजी म्हणाले, "चार जणांचं भलं चिंतायचं. आधी स्वतःचं. मग जिवाभावाच्या माणसाचं. तिसरा असा घ्या, ज्याच्याबद्दल प्रेम नाही आणि रागही नाही. आणि चौथा, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी डोकं तापतं."

तिसऱ्या जागी मी औषधाच्या दुकानातला माणूस घेतला. चौथ्यासाठी तर रांगच लागली होती. शेवटी आमच्या साहेबांना मान दिला. दुसऱ्या जागी बायकोला बसवलं, आणि का कोण जाणे, डोळे भरून आले.

बाहेर चपला शोधताना तिला ते सांगितलं. म्हटलं, "तुझ्या दुसऱ्या जागी मीच ना?"

"नाही. तिसऱ्या."

हातातली चप्पल हातातच राहिली. "म्हणजे... प्रेम नाही?"

"अहो, रागही नाही," माझी दुसरी चप्पल पायाने पुढे सरकवत ती म्हणाली. "दोन वर्षं दर रविवारी तुम्ही चौथ्या जागी होतात."