चौथी खाच

साहेब, तुम्ही बोटी भरभरून स्वस्त मोटारसायकली आणल्यात, गोरगरिबांच्या गळ्यात मारल्यात, दोन वर्षांत मॉडेल बंद केलंत आणि पार्ट मागितला की हात वर केलेत. पुढचं ऐका. केनियात, होमा बे गावच्या उतारावर ओगुटूचं गॅरेज आहे. ओमोलो तिथे मासळीची टोपली गाडीला बांधूनच आला.

"वस्ताद, मागचा ब्रेक मेलाय. कायतरी बसव, बाजार गाठायचाय."

ओगुटूकडे त्या मॉडेलची एकच ब्रेकची कॅम होती, जुन्या गाडीतून काढलेली, झिजलेली. ती त्याने मुठीत धरून ठेवली.

"नवी येईपर्यंत थांब."

"तीन वर्षं हेच सांगतोयस. मासळी थांबेल का?" ओमोलोने त्याची मूठ उघडली. "या तीन खाचा कसल्या?"

"खूण आहे. परत कुणाला बसवायची नाही म्हणून."

"मग फेकली का नाहीस, म्हाताऱ्या? बसव!"

ओगुटूने बसवली.

शनिवारी पुढच्या दिव्यांना मयताच्या हिरव्या फांद्या बांधून, हॉर्न वाजवत मोटारसायकल-स्टँडवरच्या साऱ्या गाड्या ओमोलोला पुरून आल्या. ओगुटूने त्याच्या चुरडलेल्या गाडीतून कॅम काढली, कानशीने चौथी खाच पाडली आणि ती पुन्हा डब्यात ठेवली.

सोमवारी तसल्याच गाडीवर ओमोलोचा धाकटा भाऊ आला.

"वस्ताद, ब्रेक लागत नाही."

साहेब, ओगुटूचा हात डब्यात गेलाय. आता तरी तोंड उघडा, त्याने या पोराला काय सांगायचं?