धुऱ्यावरची तूर

टेकचंद धुऱ्यावर वाकून तूर टोबत होता, आणि पाळी ओमेशच्या घरची होती.

ओमेशने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड होती. अर्ध्या तासापूर्वी तो गोंदियाहून आलेल्या बसमधून उतरला होता. तिथल्या एका राइस मिलमध्ये तो पोती वाहत असे आणि पंधरवड्यातून एकदा गावी येत असे. फाट्यावरच्या टपरीवर गावच्या बिसरामने त्याला अडवले.

"काय रे ओमेश, काका सुटून आला ना तुहा! तुमच्या पाळीत तूर टोबून राहिला, आन तू अथी भजे खाऊन राहिला?"

टपरीवरची माणसे हसली. ओमेशने हातातला कागद तसाच टाकला. घरी जाऊन त्याने दारापुढच्या सपरीत टांगलेली कुऱ्हाड काढली. आतून आईने, शामकलाने, हाक दिली, "आला का रे बापू? बस, चाय चुलीवरच आहे. एक गोष्ट सांगाची आहे तुले."

तो थांबला नाही.

तो धुरा दोन घरांचा होता. कामठ्याजवळची ती भाताची बांधी पणजोबा उदारामने आपल्या दोन मुलांत वाटून दिली. मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, मात्र वाटला नाही. धुऱ्यावर तूर चांगली येते, म्हणून ठरले की एक साल थोरल्याने लावावी, एक साल धाकट्याने. त्या तुरीतून कुणाचेही घर वर्षभर डाळ खाईल अशातला भाग नव्हता. तरी थोरल्या सुकरामची तीन बोटे त्या धुऱ्यावर विळ्याने गेली, आणि धाकट्याचा डावा डोळा सुकरामच्या काठीने गेला. पुढे सुकरामचा मुलगा चुन्नीलाल आणि धाकट्याचा मुलगा टेकचंद त्याच धुऱ्यावर उभे राहिले.

१९९८ साली टेकचंदची पाळी होती. तूर पाण्याने सडली. पुढच्या साली तो म्हणाला, माझी पाळी फुकट गेली, ती आता धरा. आणि त्याने तूर लावली. चुन्नीलालने त्याची वीतभर वाढलेली रोपे उपटून चिखलात फेकली. टेकचंदच्या हातात पावडा होता. चुन्नीलालचा मुलगा ओमेश तेव्हा आठ वर्षांचा होता. बापाच्या डोक्यातले रक्त बांधीच्या पाण्यात पसरताना त्याने पाहिले. पाणी बराच वेळ लाल राहिले.

टेकचंद नागपूरच्या तुरुंगात गेला. चौदा साले त्या धुऱ्यावर कोणी बी टाकले नाही. गवत माजले, साप राहू लागले. पण पाळी दोन्ही घरांत मोजली जात होती. शामकला दरसाल परसातली तूर लाल मातीत घोळून, उन्हात वाळवून बियाण्याला ठेवी. टेकचंदच्या घरी बियाणे राखेत ठेवत. ज्या त्या घराची रीत.

आता २०१३ साल होते. धुऱ्यावरचे गवत कापून काढलेले होते. टेकचंदचे केस पांढरे झाले होते. डाव्या मुठीत त्याने एक पुरचुंडी धरली होती. उजव्या हातातल्या काडीने तो भोक पाडत होता, दोन दाणे सोडत होता, अंगठ्याने माती दाबत होता.

"काऊन टोबून राहिला आमच्या पाळीत?" ओमेश म्हणाला.

टेकचंदने मान वर केली. कुऱ्हाड त्याला दिसली. तो उठला नाही.

"तुमचीच पाळी होय," तो म्हणाला. "आतमंदी एक एक साल मोजलो मी. मायले इचार."

त्या तोंडातून आईचे नाव निघाले आणि ओमेशला पुढचे काही ऐकू आले नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. टेकचंद गुडघ्यांवर आला, पण त्याने हात आडवा केला नाही. दुसरा घाव मानेवर बसला. हाड फुटल्याचा आवाज ओमेशच्या हातापर्यंत आला. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी त्याने तो घातला. टेकचंद कलंडून बांधीत पडला. त्याच्या डोक्याभोवतीचे पाणी हळूहळू लाल होत गेले. हे पाणी ओमेशच्या ओळखीचे होते.

डावा हात धुऱ्यावरच राहिला होता; पुरचुंडी अजून मुठीतच होती. ओमेशला एकेक बोट उलगडावे लागले.

घरी शामकला सपरीत बसली होती. समोर दोन कप होते. एकावर बशी झाकली होती. त्याच्या हातातली कुऱ्हाड तिने पाहिली, सदरा पाहिला.

"झालं, माय," ओमेश म्हणाला. "बाबाचं झालं. आपल्या पाळीत आता कोणी टोबत नाही."

त्याने पुरचुंडी तिच्यापुढे टाकली. गाठ सुटली आणि दाणे जमिनीवर पसरले, लाल लाल.

"त्याचं रक्त लागलं आहे. फेकून दे."

शामकलाने एक दाणा उचलला. अंगठ्याने चोळला. अंगठ्याला कोरडी लाल भुकटी लागली.

"रक्त नोहे रे बापू, माती होय," ती म्हणाली. "चुन्नीभाऊच्या पाळीचं मीच टोबून देतो, म्हणे तो. बी मीच देलं त्याले सकाळी."