बोट लावलं की बोलतं

“लॅपटॉप शर्वीच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस गं, एक दिवस घोळ होईल,” नणंद म्हणाली होती. “असू दे हो वन्सं, आजी-नातीचा तेवढाच खेळ,” म्हणून मी हसण्यावारी नेलं.

अर्धांगवायूनं माझ्या आईची वाचा गेली, तेव्हा कुठे त्या लॅपटॉपच्या टचस्क्रीनचा खरा उपयोग सापडला. पाणी, चहा, संडास, दुखतंय अशी चार चित्रं मी पडद्यावर मांडली. आईनं डाव्या हाताचं बोट टेकवलं, की माझ्याच आवाजात तो शब्द उमटायचा. पण माझ्या दोन वर्षांच्या शर्वीला ‘दुखतंय’चा रडका चेहरा भारी आवडायचा. दिवसभर तेच. मी धावत जायची, तर ही टाळ्या पिटत असायची. हळूहळू माझं धावणं सुटलं.

परवा सकाळी ओट्याशी नाचणीचं सत्त्व ढवळत होते. आतून ‘दुखतंय, दुखतंय’ चालूच होतं.

“शर्वी, पुरे! आजीला त्रास नको देऊस!” मी ओरडले.

“काय?” माझ्या मागेच चटईवर पेंगणाऱ्या शर्वीनं मान उचलून विचारलं.

मी धावले. आई कलंडली होती. बोट तेवढं पडद्यावर आपटत होतं.

आता ती अतिदक्षता विभागात आहे आणि तेही बोट हलत नाही. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. तुमच्या घरात कुणाच्या हाकेची अशी सवय झाली असेल, तर जागेवरून ओरडू नका. उठा, आधी त्यांना बघून या.