जात्यावरचा हात

जवळ सरका मंडळी, हलत्या बाहुल्यांची गोष्ट सांगतो.

मातीची जनाबाई जात्यावर दळतेय, असा मूकपट दाजीबांनी केला. पत्नी आवडाबाईंनी बाहुली तीळभर सरकवून हात काढायचा, मग दाजीबांनी एक चित्र टिपायचं. असे तीन महिने गेले.

तंबूतल्या पहिल्याच खेळात जात्याच्या खुंट्यावर हिरव्या बांगड्यांचा भलाथोरला हात चमकून गेला.

"अहो, माझा हात राहिला की! सगळी मेहनत हसण्यावारी जाणार," आवडाबाई रडवेल्या झाल्या. दाजीबांनी डोळेच मिटले.

तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "बायांनो, विठाई आली गं दळायला!" अख्ख्या तंबूनं हात जोडले.

दाजीबांनी डोळे उघडले. "आता हे चित्र कापायचं नाही हं!"

पडद्यावर नाव एकट्या दाजीबांचं होतं. म्हणून म्हणतो, जनीला आठवाल तेव्हा आवडाबाईंनाही आठवा.