शरयू एकाही फोटोत नाही

जुन्या अल्बमांचं स्कॅनिंग संपवून विद्याधरराव उठणार, तेवढ्यात कॉम्प्युटरनं विचारलं, "शरयू नावाची ही मुलगी तीन मे एकोणनव्वदनंतर एकाही फोटोत नाही. पोलिसांना कळवू का?"

बेपत्ता माणसं सापडावीत म्हणून घरोघरच्या कॉम्प्युटरना आता हे विचारणं सक्तीचं होतं.

"अगं मंदाकिनी, बघ, तू हरवलीस," विद्याधरराव बायकोला हसत म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, "शरयू म्हणजे हीच. लग्नात नाव बदललं."

"चेहरा जुळतो. पण मी उभं राहणं, बघणं, हसणंही तपासतो. ही दुसरी व्यक्ती आहे."

मंदाकिनी हात पुसत स्क्रीनजवळ आली. डावीकडे खो-खोची ढाल काखोटीला मारून खिदळणारी शरयू होती. उजवीकडे मंदाकिनी. प्रत्येक फोटोत कडेला, हातात ट्रे, नजर नवऱ्याकडे.

"मूर्ख मशीन आहे. नाही म्हणून टाक," विद्याधरराव म्हणाले.

"त्याला कशाला मूर्ख म्हणता? इतक्या वर्षांत या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, ते त्याच्या एका दुपारीत आलं." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं माउस आपल्याकडे ओढला. "मी खेळायला जाते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, ती शरयू आता विसर."

तिनं 'होय' दाबलं.

तक्रारीचा अर्ज आपोआप भरत गेला. 'शेवटची कुणाबरोबर दिसली' या रकान्यात कॉम्प्युटरनं एक फोटो लावला. त्यात विद्याधरराव ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहीत होते, आणि शेजारी बसलेली शरयू ते वाचत होती.