तेविसावं यीस्ट

मुलीने बेकरीचं दार उघडलं, दिवा लावला आणि समोरच्या फळीकडे बघून जागीच थांबली. ट्रेमधले बनचे गोळे टम्म फुगले होते. काल रात्री झोपायला जाण्याआधी तिने ते फ्रीझरमधून काढून इथे ठेवले, तेव्हा ते लिंबाएवढे होते आणि आपटले तर फरशी फुटेल इतके टणक. फळीला तिने कागदही चिकटवला होता: ‘हात लावू नये. वेळ लागेल.’

महिनाभर गोठलेलं पीठ होतं ते. साध्या पावाचं तिला मागच्याच वर्षी जमलं होतं, पण बनच्या पिठाने तिला रडवलं. साखर यीस्टचं पाणी ओढून घेते, वरून थंडी त्याला मारते. दोन्हीतून तगेल असं यीस्ट शोधता शोधता प्रयोगशाळेत तिचे बावीस नमुने मेले. हा तेविसावा, आणि याच्यावर बाबांची झोप अवलंबून होती. चाळीस वर्षं ते रात्री दोनला उठून पीठ मळत आले होते. आता डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, रात्रीची झोप तरी घ्या नाहीतर बेकरी तरी बंद करा. बऱ्याच वादावादीनंतर बाबा एवढ्यावर कबूल झाले की गोठलेले बन फुगले तर ते दोनचा गजर बंद करतील आणि सहाला येतील. नाही फुगले, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

तेवढ्यात बाबा आले, मागून आई थर्मास घेऊन. बाबांनी ट्रे बघितला आणि म्हणाले, वा, शास्त्रीणबाई जिंकल्या म्हणायच्या. आईने कुणी न विचारताच सांगून टाकलं की रात्रभर नुसते घोरत होते, सकाळी हलवून हलवून उठवावं लागलं. हे सांगताना ती थर्मासचं झाकण उघडत होती आणि झाकण केव्हाच उघडलेलं होतं.

मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने आईला मिठी मारली, बाबांना मारली, आणि मग सवयीने पिशवीतून तापमापक काढून एका गोळ्यात खुपसला. तीस अंश. भिंतीवरच्या तापमापकावर वीस होते. तिने दुसरा गोळा बघितला, तिसरा बघितला. रात्रभर या खोलीत पडून राहिलेलं पीठ खोलीपेक्षा गरम कसं?

तिने वळून बाबांकडे नीट बघितलं. नुकतंच अंथरुणातून उठवलेल्या माणसाच्या उजव्या भुवईत पीठ होतं.

“बाबा, माझा ट्रे कुठंय?”

बाबांनी आईकडे बघितलं. आई चहा ओतण्यात गढून गेली.

मग सगळं बाहेर आलं. कालच्या रात्रीपुरता गजर बंद ठेवला होता, पण दोनला डोळे उघडले ते उघडलेच. नुसतं बघून यावं म्हणून ते आले, तर गोळे अजून लिंबाएवढेच. पोरीचं तोंड सकाळी एवढंसं होईल, हे काही त्यांना सोसेना. त्यांनी ताजं पीठ मळलं, गोळे केले, भट्टीच्या उबेला फुगवले आणि ट्रे बदलून गुपचूप घरी जाऊन पडले.

“आणि उद्या काय करणार होतात?”

“उद्याही दोनला आलो असतो. तुला पत्ता लागू दिला नसता.”

मुलीला राग आला आणि रडूही आलं. या माणसाला झोप मिळावी म्हणून तिने दोन वर्षं घालवली होती, आणि हा माणूस तिचं मन राखायला झोपमोड करून घेत होता. आपलं यीस्ट बर्फातून उठणारं आहे, पहाटेपर्यंत ते काहीच करत नाही, हे तिने त्यांना दहादा सांगितलं होतं. म्हणून तर तो कागद लावला होता. बाबांनी दहाही वेळा मान डोलावली होती, गिऱ्हाईक पाककृती सांगतं तेव्हा डोलावतात तशी.

“फेकलात का?”

“पीठ कोण फेकतं?” बाबा दुखावल्यासारखे म्हणाले. ट्रे मागे कोठीत होता, वर दुसरा ट्रे पालथा घालून ठेवलेला.

तिघंही कोठीत गेली. वरचा ट्रे जागेवर बसलेला नव्हता. एका बाजूने चांगला दोन बोटं उचलला जाऊन तिरका झाला होता आणि फटीतून गोळ्यांची गोरी, गुबगुबीत टाळकी दिसत होती. बाबांनी ट्रे काढला. एका गोळ्यावर हळूच बोट दाबलं. खळगा पडला आणि सावकाश भरून आला. त्यांनी दुसरा दाबला, तिसरा दाबला. चाळीस वर्षांत त्या बोटाने कुणाची भीड ठेवली नव्हती.

“फुगलेत की गं,” ते म्हणाले.

आता खरंच घोरणं ऐकावं लागणार म्हणजे, असं आई म्हणाली आणि मुलीला रडता रडता हसू फुटलं.

दोन्ही ट्रे भट्टीत गेले. बन तांबूस होऊन बाहेर आले तेव्हा कुठले कुणाचे हे ट्रे बघितल्याशिवाय मुलीलाही सांगता आलं नसतं. त्यातला आपला एक बशीत घेऊन ती कोठीत गेली. बाबा मैद्याच्या पोत्यांवर टेकले होते, तोंड उघडं, मान एका खांद्यावर, आणि चांगले घोरत होते.

बन गरम आहे तोवर खाऊ देत म्हणून तिने त्यांना हलवायला हात पुढे केला. आईने तो धरला. मग बाहेर जाऊन आईने फळीवरचा कागद अलगद सोडवून आणला आणि बाबांच्या खिशावर चिकटवला.