झोपलेल्याचं नाव

"ज्याचा आत्मा झोपलाय, त्याचं नाव लिहा," मी मंडळीला बजावलं. मी त्यांच्या चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. श्रद्धा जागवण्यासाठी भरवलेल्या संजीवन सभेचे तीन दिवस उपासात गेले, तरी पश्चात्तापाचं एक टिपूस कुणी गाळलं नव्हतं. शेवटी मीच वैतागून अर्पणाच्या थैलीत चिठ्ठ्या गोळा केल्या. एकेक नाव मोठ्यानं वाचून त्या माणसाच्या जागृतीसाठी प्रार्थना करायची होती.

पहिली चिठ्ठी उघडली. "पाळकसाहेब."

कुणाचा तरी आगाऊपणा, म्हणून मी हसलो. दुसरीवरही तेच. तिसरीवर बायकोच्या अक्षरात, "आमचे हे". पुढच्या सतरा मी मनातच वाचल्या. सगळ्यांवर मीच.

शेवटच्या चिठ्ठीवर मात्र सत्त्वशीलाबाईंचं नाव दिसलं आणि जिवात जीव आला. दर रविवारी त्या माझ्या उपदेशात पेंगतात. निदान एकाला तरी ते खटकलं होतं! मग अक्षर पाहिलं. माझंच होतं.

मान वर केली. पहिल्या बाकावर सत्त्वशीलाबाई टक्क जाग्या होत्या. गुडघे टेकत म्हणाल्या, "या साहेब, तुमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करते."